जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी सामान हलवा, मग घर

मावशीचा लॅपटॉप २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून ती चहाचं आधण ठेवायला जायची, आणि चहा गाळून परत आली तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, पण ती नोंदणी करणाऱ्यांनाच, आणि शेवटी ती मुदतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे मावशीचा लॅपटॉप बाद. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या.

मशीन मात्र धडधाकट होतं. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला. मग आम्ही त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. ते कसं टाकलं, आणि त्याआधी मी माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर काय काय घोळ घालून ठेवले होते, ते इथे क्रमाने सांगतो.

लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. लोक वैतागून विंडोजवर परत जातात ते त्या अर्ध्या तासामुळे नाही. आपला मराठीचा जुना फॉन्ट, आपला प्रिंटर, आपलं टॅली तिकडे चालतं का, हे त्यांना सगळं पुसून झाल्यावर कळतं, म्हणून जातात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांतल्या निम्म्या पायऱ्या विंडोज चालू असतानाच करायच्या आहेत. त्या कंटाळवाण्या आहेत, पण त्याच गाळू नका.

आठवडाभर वही ठेवा

कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करता हे आठवून लिहू नका, करताना लिहा. मावशीला विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, थोडं टायपिंग." आठ दिवसांनी वहीच्या पानावर होतं: बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये, गटाच्या सभेच्या सूचना मराठीत, सातबारा उतरवून घेणं, बँक, मुलाशी व्हिडिओ कॉल, यूट्यूबवर कीर्तन, फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेणं, आणि एका जुन्या फाइलमधून हळदीकुंकवाच्या पत्रिकेचा मजकूर काढणं. ही शेवटची ओळ तिला तोंडी कधीच आठवली नसती, आणि नेमकं तेच काम पुढे सगळ्यात अवघड निघालं.

आता या यादीवर तीन खुणा करा. जे ब्राउझरमध्ये होतं त्याची काळजी सोडा: बँक, डिजीलॉकर, सातबारा, रेल्वेचं तिकीट, ऑनलाइन भरलेलं आयकर विवरणपत्र, व्हॉट्सअ‍ॅप वेब, गूगल मीट. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत, झूमचंही लिनक्ससाठी वेगळं अ‍ॅप मिळतं. ज्याला पर्याय आहे त्याची दुसरी खूण: ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस, फोटोच्या किरकोळ कामाला गिंप, मेलला थंडरबर्ड. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. ज्याला पर्याय नाही किंवा असून चालणार नाही, त्याची.

त्या तिसऱ्या खुणेत काय येतं ते स्पष्टच सांगतो, कारण लिनक्सचे भक्त इथे हातचं राखून बोलतात. टॅली विंडोजसाठी आहे. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. वाईन नावाच्या थरावर विंडोजचे काही प्रोग्रॅम चालतात, पण ज्यावर तुमचं पोट आहे तो प्रोग्रॅम त्याच्या भरवशावर ठेवू नये. टेंडर भरायला किंवा कंपनीच्या कामाला डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन लागत असेल तर काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात खरे, पण पोर्टलवरची सही करण्याची साधनं बहुतेक विंडोज धरूनच बनवलेली असतात. एक्सेलमध्ये लांबलचक मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असतील तर ते लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील असं समजू नका. आणि घरात व्हॅलोरंट खेळणारं पोरगं असेल तर त्याला आधीच सांगा. तो खेळ लिनक्सवर चालत नाही.

तिसऱ्या खुणेत तुमचं रोजचं काम असेल तर थांबा, विंडोजचं मशीन ठेवा आणि लिनक्स दुसऱ्या जुन्या मशीनवर टाका. यात कमीपणा काही नाही. माझा एक मित्र कर सल्लागार आहे. त्याला मी स्वतः अडवलं.

विंडोजवरच नव्या प्रोग्रॅमची सवय

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, थंडरबर्ड, गिंप हे सगळे विंडोजवरही फुकट मिळतात. पंधरा दिवस तिथेच वापरा. हिशेबाची फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून बेरजा जुळतात का बघा. अडलं तर शेजारीच एक्सेल आहे, घाबरायचं कारण नाही. एकदम सगळं बदललं की प्रत्येक अडचणीचं खापर लिनक्सवर फुटतं. प्रत्यक्षात अडलेलं असतं ते नव्या मेनूत बटण सापडत नाही म्हणून.

याच पंधरा दिवसांत मराठीची जुनी कागदपत्रं तपासा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर हा आतून इंग्रजी अक्षरंच असतो, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याचा नुसता कचरा दिसतो. मावशीची ती पत्रिका अशीच होती. उपाय दोन: जे फक्त वाचायला हवं ते विंडोजवरूनच पीडीएफ करून ठेवा, आणि जे पुन्हा वापरायचं ते फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत आणा. कन्व्हर्टरमधून आल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच होतात. फॉन्टची मूळ फाइल असेल तर तीही जपून ठेवा. लिनक्सवर तिच्यावर डबल क्लिक करून फॉन्ट बसवता येतो आणि जुनी फाइल निदान वाचता येते.

कोणतं लिनक्स?

लिनक्स म्हणजे नेमका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्रॅम, इन्स्टॉलर बांधून जी शिधा-पिशवी तयार होते तिला डिस्ट्रो म्हणतात, आणि अशा पिशव्या शेकड्यांनी आहेत. केरळच्या शाळांमधले कॉम्प्युटर वर्षानुवर्षं अशाच एका स्थानिक पिशवीवर चालतात. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं. उबंटू २००४ पासून आहे. त्याच्या सीड्या एके काळी टपालाने फुकट घरी यायच्या, त्यातली एक माझ्या खणात अजून आहे.

निवडीच्या वादात शिरू नका. विंडोजवरून येणाऱ्याला मी डोळे झाकून लिनक्स मिंट सांगतो. खाली डावीकडे मेनू, खालीच टास्कबार, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. मावशीला हात कुठे न्यायचा ते सांगावं लागलं नाही. मिंट उबंटूवर उभं आहे, २००६ पासून आहे, आणि आताच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यात तीन प्रकार मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन. २ जीबीवरच अडलेलं मशीन असेल तर एक्सएफसीई, पण त्यावर आजचे ब्राउझर रडतच चालतील, कोणतंही लिनक्स टाका.

बॅकअप, आणि डी ड्राइव्हचा घात

आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे: विंडोज नवीन टाकलं की सी फॉरमॅट होतो, डी तसाच राहतो. म्हणून लग्नाचे फोटो, पोरांचे बोरन्हाणाचे व्हिडिओ, सगळं डीमध्ये. मीही त्याच समजुतीत वाढलो. बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्यांदा लिनक्स टाकताना 'इरेज डिस्क' या पर्यायासमोर मी क्षणभरही थांबलो नाही. सी जाणार, जाऊ दे, डी आहे की. पण सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत, एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, आणि तो पर्याय सगळी डिस्क पुसतो. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो गेले. अल्बम काकूकडे होता म्हणून घरात मी अजून बोलण्याच्या लायकीचा राहिलो.

म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि सगळा डी. लिनक्स विंडोजच्या डिस्का व्यवस्थित वाचतं, त्यामुळे बाहेरची डिस्क वेगळी फॉरमॅट करायची गरज नाही. ब्राउझरमधले पासवर्ड खात्यात सिंक करा किंवा फाइलीत काढा. फाइलीत काढले तर नव्या घरात आत घेतल्यावर ती फाइल उडवा, कारण तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. मेल आउटलुकमध्ये असेल तर तो आताच थंडरबर्डमध्ये आणा, नंतर त्रास होतो.

आणखी एक. विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लागलेलं कुलूप) चालू आहे का बघा. चालू असेल तर बंद करा, किंवा त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, हात घातल्यावर विंडोज ती की मागू शकतं.

पेन ड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा, तिच्यात अख्खं मिंट बांधलेलं असतं. साधारण ३ जीबीची असते. जवळचा म्हणून भारतातला मिरर (तीच फाइल ठेवणारा सर्व्हर) निवडलात तर लवकर उतरते.

उतरवलेली फाइल तीच आहे ना, हे तपासायचं पाऊल लोक हमखास टाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवर हल्ला झाला होता आणि काही तास लोकांना चोरदरवाजा बसवलेली आयएसओ मिळत होती. त्यामुळे एवढं कराच: सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा, काढा. ६४ अक्षरांची ओळ येईल. साइटवर दिलेल्या ओळीशी ती ताडून बघा. पूर्ण जुळली पाहिजे. एक अक्षर चुकलं तरी फाइल टाकून द्या आणि पुन्हा उतरवा. बहुतेक वेळा कारण हल्ला नसतं, मध्येच तुटलेलं नेट असतं.

मग बलेना एचर हा पेन ड्राइव्हवर आयएसओ लिहिणारा प्रोग्रॅम उघडा: फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, फ्लॅश दाबा. रूफस वापरलंत तरी चालेल. काम झाल्यावर विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारू शकतं. नाही म्हणा. विंडोजला तो पेन ड्राइव्ह आता कळत नाही, म्हणून ते तसं विचारतं.

टाकण्याआधी चालवून बघा

लिनक्सची ही सोय मला सगळ्यात आवडते. काहीही न पुसता ते पेन ड्राइव्हवरूनच चालतं. लॅपटॉप बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताना बूट मेनूची (कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ टकटकत राहा. डेल, लेनोवो यांच्यावर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून एफ९, आसूसवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू कधी कधी आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंटचा डेस्कटॉप येतो. थोडा संथ वाटेल. पेन ड्राइव्हचा वेग तो तेवढाच.

इथे घाई करू नका, तासभर बसा. वाय-फाय जोडा. यूट्यूब लावून आवाज ऐका. प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा, कॅमेरा, टचपॅड, ब्लूटूथ. झाकण मिटून लॅपटॉप झोपवा आणि उघडून जागा होतो का बघा. घरातला प्रिंटर लावून एक पान छापा. हो, पेन ड्राइव्हवरूनच छापता येतं.

वाय-फाय दिसलंच नाही तर निराश होऊ नका. काही चिप्सचे ड्रायव्हर वेगळे घ्यावे लागतात, आणि ते घ्यायला नेट लागतं. कोंबडी आधी की अंडं. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते केबलचं नेट वाटतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून जो ड्रायव्हर सुचवेल तो टाका.

प्रत्यक्ष टाकणं

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवायला ड्युअल बूट म्हणतात. अनेक जण तेच सुचवतात. मी आताशा सुचवत नाही. चालतं ते, पण विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधी बूटचा क्रम बदलतो, विंडोजची फास्ट स्टार्टअप ही लवकर चालू होण्याची सोय बंद केलेली नसेल तर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, आणि घड्याळाचा तो प्रसिद्ध घोळ होतो: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. सकाळचे साडेदहा वाजलेले असताना विंडोज पहाटेचे पाच दाखवतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की ओळखायचं, मशीन बिघडलेलं नाही.

माझी पद्धत वेगळी. जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि जागी २४० किंवा २५६ जीबीची नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, बसवायची. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा डिस्क असते. मागचं झाकण आणि चार स्क्रू, दुरुस्तीवाला दहा मिनिटांत करून देतो. जुनं विंडोज त्याच्या डिस्कवर जसंच्या तसं राहतं. नवीन डिस्क कोरी असल्यामुळे 'इरेज डिस्क' हा पर्याय दाबायला हात कापत नाही. शिवाय वेगात जो फरक पडतो त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असतो. मावशीला वाटतं लिनक्समुळे लॅपटॉप पळतो. मी अजून खरं सांगितलेलं नाही. रॅमचा एक खाचा रिकामा होता, तिथे आणखी ४ जीबी टाकली.

एसएसडी घ्यायची नसेल तर पूर्ण बॅकअप तपासून मगच पुढे जा.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' नावाचं चिन्ह असतं. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे, पण मी मेनू इंग्रजीत ठेवायला सांगतो, कारण अडचण शोधताना सापडणारी उत्तरं इंग्रजी मेनूंची नावं सांगतात. भाषा नंतर कधीही बदलता येते. कीबोर्ड इंग्रजी यूएस. 'मल्टिमीडिया कोडेक्स' समोर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर येऊ देणारी सोय) चालू असेल तर इथेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लक्षात ठेवा. पहिल्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येईल, तिच्यात 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक ती स्क्रीन बघून दचकतात आणि 'कंटिन्यू' दाबून मोकळे होतात, मग ड्रायव्हर का चालत नाहीत ते कळत नाही.

पुढचा पडदा डिस्कचा. इथे थांबा. चहा पिऊन या हवं तर. कोणत्या डिस्कवर चाललंय, तिचा आकार किती, हे मोठ्याने वाचा. २५६ जीबीची एसएसडी २३८ किंवा २५६ अशी दिसेल. एसएसडी बसवूनही १ टीबी दिसत असेल तर बाहेरची बॅकअपची डिस्क तुम्ही लावूनच ठेवली आहे. ती काढा आणि पुन्हा सुरुवात करा.

वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडा. नाव, युजरनेम, पासवर्ड द्या. युजरनेम लहान इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता. पासवर्ड असा हवा की रोज टाइप करता येईल, कारण काहीही नवीन टाकताना तो विचारला जातो. मावशीने आधी बारा अक्षरांचा ठेवला, दुसऱ्या दिवशी फोन आला.

पहिल्या संध्याकाळी करायची कामं

आधी 'अपडेट मॅनेजर' चालवा. मग टाइमशिफ्ट उघडून रोजचा किंवा आठवड्याचा स्नॅपशॉट लावा. एखादं अपडेट बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टिमचा फोटो काढतं, तुमच्या फाइलींचा नाही; फोटो-कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. नवीन प्रोग्रॅम हवा असला की 'सॉफ्टवेअर मॅनेजर'. फोनवरच्या प्ले स्टोअरसारखंच आहे. वेबसाइट शोधून सेटअप फाइल उतरवायची विंडोजची सवय मोडा. आणि कुणीतरी लिहिलेली आज्ञा अर्थ न कळता टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चिकटवू नका. मावशीने ती खिडकी अजून पाहिलेलीही नाही.

मराठी टायपिंग

इथे मात्र वेळ द्या. दोन वाटा आहेत.

इनस्क्रिप्ट येत असेल तर काम सोपं. 'कीबोर्ड' सेटिंगमध्ये लेआउट्स, तिथे अधिकचं चिन्ह, आणि यादीतून 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट'. ऑप्शन्समध्ये जाऊन इंग्रजी-मराठी बदलायची कळ ठरवा, मी अल्ट-शिफ्ट ठेवतो. इनस्क्रिप्ट सरकारी प्रमाण आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. विंडोजचा मराठी कीबोर्डही तोच, त्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही. पंधरा दिवस रोज अर्धा तास बसलात तर बोटं बसतात.

इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून देवनागरी मिळवायची सवय असेल, मावशीसारखी, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे भाषांचं पॅकेज टाका. 'इनपुट मेथड' मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून पुन्हा या, मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी भाषेखाली फोनेटिक किंवा आयट्रान्स जोडा. दोघांत अक्षरं थोडी वेगळी आहेत. गूगलसारखं शब्द ओळखून पुढचे पर्याय देणं यात नाही. जे दाबाल तेच उमटतं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल.

पहिल्याच दिवशी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'बाळ', 'ज्ञानेश्वर' हे चार शब्द टाइप करून बघा. साधा र वापरला तर 'दुसर्या' उमटतं, रफार य च्या डोक्यावर चढतो. त्यासाठी नुक्ता असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून जे वर आहे, मग डी ने पाय मोडायचा आणि मग य. ळ शिफ्ट धरून एन वर. हे चार शब्द जमले की बाकी मराठी जमतं.

फॉन्टांचं म्हणाल तर मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो इथे नसतो. रेड हॅटने खुला केलेला लोहित, गूगलचा नोटो आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे खुले फॉन्ट आहेत. मला छापायला मुक्ता आवडतो. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये, भाषांच्या पानावर, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मराठी निवडा आणि रायटरच्या 'बेसिक फॉन्ट्स, सीटीएल' मध्ये मुक्ता ठेवा. नाहीतर प्रत्येक नव्या फाइलीत फॉन्ट बदलत बसाल. इंग्रजी कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो येतो, त्याची अक्षरं तेवढ्याच रुंदीची आहेत, पान हलत नाही. मराठीत मात्र मंगलची फाइल मुक्तात उघडली की पानं सरकतात. म्हणून दुसऱ्याला पाठवायची सूचना नेहमी पीडीएफ करूनच पाठवा.

प्रिंटर

नवे वाय-फाय प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात, एचपीचे बहुतेक सहज चालतात. झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० वेगळी गोष्ट आहे. तो कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो, आणि तो चालवायला खटपट लागते. हौस असेल तर करा. मावशीकडे तोच होता. मी एक दुपार घालवली, मग शेजारच्या दुकानदाराला पीडीएफ पाठवून छापून आणायचं ठरलं, महिन्याला दहा-बारा पानांचं तर काम. स्कॅनरसाठी 'डॉक्युमेंट स्कॅनर' आधीच बसवलेला असतो.

जुन्या डिस्कचं काय करायचं

काढलेली हार्ड डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घाला. साटा ते यूएसबी केस कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं. काही राहिलं वाटलं की लावायची, फाइल उचलायची, परत खणात. तिच्यावर विंडोज आहेच. काहीच जमलं नाही तर चार स्क्रू काढून पुन्हा पूर्वीसारखं.

मावशीच्या डिस्कवर तिने चिकटपट्टी लावून 'जुना लॅपटॉप, पुसू नये' असं लिहून ठेवलंय, खाली तारीख. सहा महिने उघडली नाही तर पुसून फोटोंच्या दुसऱ्या बॅकअपला वापरायची असं ठरलं होतं. पाचव्या महिन्यात तिने ती एकदा लावली, त्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेसाठी. पीडीएफमध्ये एका ओळीतली वेलांटी चुकली होती. आता सहा महिने तिथपासून पुन्हा मोजायचे.